गाविलगडाला एक अख्खा दिवस द्या

पाऊस लागला की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत तेच प्रश्न निघतात. चिखलदऱ्याला जाऊन गाविलगड तासाभरात होतो का? गाविलगड आणि नरनाळा एकाच दिवशी जमतील का? गडावर जायला वनविभागाचा परवाना लागतो की पुरातत्त्व खात्याचा? म्हाताऱ्या माणसांना नेता येईल का? हे प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच समज आहे. गाविलगड हा देवी पॉइंट, पंचबोल आणि भीमकुंडाच्या यादीतला आणखी एक ‘पॉइंट’ आहे, असे आपण धरून चालतो. गाडी उभी करायची, दरवाजापाशी फोटो काढायचा आणि पुढच्या पॉइंटकडे वळायचे, हे वेळापत्रक त्या समजातून येते. तो समज सोडून गडाला पूर्ण दिवस द्या आणि त्या दिवसाची सुरुवात खाली अचलपुरात करा. असे केले की वरच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे सोपी होतात. असे का, ते आधी सांगतो. व्यवहाराच्या गोष्टी त्यामागून येतील.

खालून वर का जायचे

गाविलगडाचा एकटा किल्ला म्हणून विचार केला तर तो नीट कळत नाही. तो अचलपूरचा, म्हणजे जुन्या एलिचपूरचा डोंगरी किल्ला आहे. गवळ्यांची जुनी गढी इथे आधीपासून असावी असे मानतात; किल्ल्याच्या नावातही गवळी आहेतच. पक्की तटबंदी मात्र बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५-२६ च्या सुमारास बांधली. पुढे बहमनी राज्य फुटले तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला आणि १४९० पासून इमादशाही सुरू झाली. राजधानी मैदानात एलिचपूरला होती, आणि संकटात टेकायला वर गाविलगड. हा फतहुल्ला विजयनगरच्या मुलखातल्या एका कानडी ब्राह्मण कुटुंबात जन्मला आणि लहानपणी पकडला जाऊन मुसलमान म्हणून वाढला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. गडाच्या दरवाजांवर सिंहांसोबत दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. दक्षिणेतले हे चिन्ह सातपुड्याच्या कड्यावर कसे आले, याचा विचार फतहुल्लाची ही कथा ठाऊक असल्याशिवाय सुचणार नाही. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही बुडवली, त्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड मोगलांकडे गेले, आणि अठराव्या शतकात गड नागपूरकर भोसल्यांच्या हाती आला.

अचलपूर-परतवाड्याच्या मैदानातून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची भिंत एकदम उठलेली दिसते. चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे, म्हणजे मैदानापासून सातशे मीटरच्या आसपास उंच. गडाचा आतला भाग याच दक्षिण कड्यावर टेकलेला आहे. खालून पाहणाऱ्याला इथून चढाई अशक्य वाटते, आणि तीच गडाची खरी ताकद होती. तुम्ही थेट गाडीने चिखलदऱ्यात उतरलात तर गड तुम्हाला पठाराच्याच पातळीवर, जवळजवळ सपाटीवर भेटतो. त्याची उंची जाणवत नाही, म्हणून तो ‘पडक्या भिंती’ वाटतो. पेरूमधल्या कुस्को शहराच्या डोक्यावर साक्सायवामानची प्रचंड दगडी तटबंदी आहे. तिचे कितीतरी दगड स्पॅनिशांनी खालच्या शहरातल्या इमारतींसाठी नेले, त्यामुळे ती तटबंदी आणि ते शहर एकमेकांशिवाय वाचता येत नाहीत. अचलपूर आणि गाविलगड यांचेही तसेच आहे.

म्हणून सकाळचा पहिला तास अचलपूरला द्या. शहराबाहेरचा हौज कटोरा, म्हणजे तलावात उभी असलेली अष्टकोनी मनोऱ्यासारखी इमारत, आणि जुन्या शहरकोटाचे दरवाजे एवढे पाहिले तरी राजधानी कोणत्या तोलाची होती याचा अंदाज येतो. मग मान वर करून डोंगर पाहा आणि घाट चढा.

गडावर कोणत्या क्रमाने फिराल

गडाचे दोन भाग आहेत. दक्षिण कड्यावरचा आतला किल्ला आणि त्याला उत्तर व वायव्येकडून झाकणारा बाहेरचा किल्ला. दोघांच्या मध्ये खोल घळ आहे. बरेच जण बाहेरच्या तटापाशी किंवा मच्छी तलावाच्या काठी फिरून परततात आणि ‘गड पाहिला’ असे सांगतात. त्यांनी गडाचे अंगण तेवढे पाहिलेले असते.

ही रचना समजायला १८०३ चा इंग्रजांचा वेढा फार उपयोगी पडतो. २९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत (हे गाव आज अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात आहे) भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि उरलेले सैन्य गाविलगडावर गेले. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडे, मैदानाच्या बाजूला राहिला. खरा हल्ला त्याने कर्नल स्टीव्हन्सनकडे सोपवला, कारण उत्तरेची बाजूच तेवढी जमिनीला जोडलेली होती. स्टीव्हन्सनच्या माणसांनी जड तोफा डोंगर-दऱ्यांतून सुमारे ३० मैल ओढत, वाट कापत, लबाडा या गावापर्यंत नेल्या. बाहेरच्या तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबरला हल्ला झाला. पण आतल्या किल्ल्याच्या भिंतीला खिंडार पडलेलेच नव्हते. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी मधली घळ उतरून पलीकडे चढली, शिड्या लावून तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवले.

चिखलदऱ्याहून गडाकडे जाणारा आजचा पर्यटक उत्तरेच्याच बाजूने, हल्लेखोरांच्या बाजूने, आत शिरतो. ही जाणीव ठेवून चाललात तर गड आपोआप उलगडतो. त्यासाठी क्रम असा ठेवा:

- आधी बाहेरच्या तटाच्या आत थांबून उत्तरेकडे पठार पाहा. तोफा कोणत्या दिशेने आल्या असतील ते इथे कळते.
- मग मधल्या घळीपाशी या. घाई करू नका, कारण गडाचे खरे संरक्षण हीच जागा आहे. इथून आतल्या तटाची उंची पाहिली की खिंडार न पडताही आत घुसणे किती अवघड होते ते दिसते.
- दरवाजे ओलांडताना कमानीच्या वरच्या कोरीव कामाकडे पाहा. आपण बहुधा पायाखाली पाहत चालतो आणि गंडभेरुंड तसाच राहून जातो.
- आतल्या किल्ल्यात जामा मशीद, तलाव आणि पडके वाडे आहेत. पाणी साठवायची सोय किती होती यावर लक्ष द्या. वेढ्यात गड टिकतो तो पाण्यावर.
- शेवटी दक्षिण कड्यावर जा. सकाळी जे मैदान सोडून आलात ते इथून खाली दिसते.

या फेरीला चार ते पाच तास लागतात. तासाभरात ती होत नाही, आणि तासच हातात असेल तर गड दुसऱ्या खेपेला ठेवलेला बरा.

‘तिथे पाहायला उरले काय?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो अगदीच खोटा नाही. तात्या टोपे यांच्या सैन्याला उपयोग होऊ नये म्हणून इंग्रजांनी १८५८ मध्ये गड निकामी केला. त्यानंतर झाडी माजली. रायगडासारखा राबता इथे नाही, सिंधुदुर्गासारखा समुद्रही नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांतही वऱ्हाडातला एकही नाही. तरीही मला हा आक्षेप पटत नाही. गडाची मोडतोड झाली ती बांधकामाची. घळ, कडा, पाणी आणि वाटा यांची रचना जशीच्या तशी आहे, आणि डोंगरी किल्ल्याचा अर्थ त्या रचनेत असतो. उभ्या इमारतींच्या संख्येवर गड मोजायचा तर मग राजवाडेच पाहायला जावे. शिवाय लोक जात नाहीत म्हणून देखभाल होत नाही, आणि देखभाल नाही म्हणून लोक जात नाहीत, हे चक्र कुठेतरी तुटायला हवे. जाणत्या पाहुण्यांची ये-जा वाढली, त्यांनी सूचना-फलक मागितले, तक्रारी नोंदवल्या, तर त्या मागणीला वजन येते.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा आणि लहान मुलांचा. आतल्या किल्ल्यापर्यंतची वाट ओबडधोबड आहे, पायऱ्या झिजलेल्या आहेत, सावली सलग नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांना तिथे ओढून नेणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. अशा वेळी घराचे दोन गट करा. एक गट गड पाहील. दुसरा बाहेरच्या तटापर्यंत जाऊन चिखलदऱ्यात परतेल, मोथा गावाकडच्या गवळ्यांचा खवा घेईल आणि इथली कॉफी पिईल. कॉफीची लागवड महाराष्ट्रात फारच थोड्या ठिकाणी आहे आणि चिखलदरा त्यांपैकी एक. सगळ्यांनी सगळे पाहायचे हा हट्टच अनेक सहली बिघडवतो.

तिसरा प्रश्न रविवारचा. नोकरदारांना दुसरा वार नाही, हे खरे. पण जुलै-ऑगस्टच्या रविवारी घाटात वाहनांची रांग लागते, कधी प्रशासनाला एकेरी वाहतूक करावी लागते, आणि गडावर धुके एवढे असते की घळ दिसतच नाही. रविवारच हवा असेल तर तो ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला निवडा. माझे मत विचाराल तर नोव्हेंबर-डिसेंबर. हवा स्वच्छ असते, गवत वाळायला लागलेले असते आणि तट दिसतो. पावसाळ्यात हिरवाई पाहायला जरूर जा, पण त्या दिवशी गडाचा हट्ट धरू नका.

जायचे कसे

अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर आणि तिथून घाटाने चिखलदरा साधारण ३०. घाटाच्या दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढीवरून आणि दुसरी घटांगवरून. अकोल्याहून अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असा रस्ता पडतो. तो लांब आहे, म्हणून अकोलेकरांनी मुक्काम धरूनच निघावे. रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांना बडनेरा स्थानक सोयीचे. मूर्तिजापूर-अचलपूरची ‘शकुंतला’ रेल्वे आता धावत नाही. जुन्या पुस्तकात वाचून कोणी तिचा बेत आखत असेल तर त्याला वेळीच सांगा.

एसटीने जाणाऱ्यांनी आपले हक्क लक्षात ठेवावेत. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत प्रवास. वयाच्या सवलतीसाठी ओळखपत्र जवळ हवे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चिखलदऱ्याच्या बसस्थानकावर उतरताक्षणी विचारून घ्या. ती चुकली तर रात्रीचा घाट उतरायला खासगी वाहन मिळेलच असे नाही.

एका दिवसाचा बेत साधारण असा बसतो:

- पहाटे सहाला अमरावती सोडा, साडेसातपर्यंत अचलपूर.
- नऊच्या सुमारास घाट, दहा-साडेदहाला गडाचा दरवाजा.
- दुपारचा डबा गडावर, तीन-साडेतीनला बाहेर.
- अंधार पडण्याआधी घाट उतरलेला असावा.

मुक्काम करणार असाल तर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास चिखलदऱ्यात आहे, आणि जंगलात राहायचे तर वनविभागाची सेमाडोह व कोलकास इथली संकुले आहेत. सुट्ट्यांत ती आयत्या वेळी मिळत नाहीत.

परवाना कोणाचा, नियम कोणाचे

गोंधळ इथेच जास्त होतो, कारण गडावर दोन खात्यांचे कायदे लागू होतात. गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेली राष्ट्रीय स्मारके आहेत. भोवतालचे जंगल मात्र मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. त्यामुळे भिंतीवर नाव कोरणारा एका कायद्यात अडकतो आणि शेकोटी पेटवणारा दुसऱ्या. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नेहमीची सहल करणाऱ्या कुटुंबाने वेगळा परवाना काढण्याची धावपळ करू नये. नाक्यावर जे शुल्क मागतील ते द्यावे, पण पावती घ्यावी. पावती न देता पैसे मागितले तर ती मागणे तुमचा हक्क आहे. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला अडचण नसते. तिपाई लावून चित्रीकरण करायचे असेल किंवा ड्रोन उडवायचा असेल तर आधी लेखी परवानगी लागते. लग्नाआधीच्या चित्रीकरणाची टूम काढणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावे.

खाण्या-राहण्याच्या बाबतीत दोन गोष्टी. हॉटेलच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो ऐच्छिक असतो, काढायला सांगता येतो. बाटलीबंद पाण्याला दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येते. वरती मोबाइलची रेंज ठिकठिकाणी जाते, म्हणून रोख पैसे ठेवा. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि वनविभागाला १९२६ हे क्रमांक घाट चढण्याआधी फोनमध्ये घालून ठेवा.

धोके

गडावर वाघाची भीती बाळगणारे खूप, पण दिवसाउजेडी माणसाला त्रास होतो तो बहुधा मधमाश्यांचा. आग्या मोहोळे जुन्या कमानींना आणि कड्यांना लागलेली असतात. उग्र अत्तर, सिगारेटचा धूर, दगडफेक आणि मोठा आवाज टाळा. माश्या उठल्याच तर तोंड-डोके कापडाने झाकून सरळ लांब पळा. तलावात उडी मारू नका. पाण्याबाहेर डोके काढले की त्या वाटच पाहत असतात. अस्वल हा मेळघाटातला खरा बेभरवशाचा प्राणी, म्हणून दाट झाडीत एकट्याने शिरू नये, बोलत चालावे आणि उन्हे कलण्याआधी परतावे. पावसाळ्यात तटाचे सुटे दगड आणि शेवाळलेल्या पायऱ्या, उन्हाळ्यात पाण्याचा तुटवडा. माणशी किमान दोन लिटर पाणी खालूनच भरून न्या. प्लास्टिक परत आणा. सेमाडोह-धारणी बाजूला कोरकू आदिवासींची गावे लागतात. त्यांच्या अंगणात, देवांपाशी किंवा बायकामुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

अकोलेकरांसाठी नरनाळा

गाविलगड आणि नरनाळा एका दिवसात बसवू नका. नकाशावर ते एकाच डोंगररांगेत शेजारी दिसतात, पण मधले जंगल सरळ ओलांडता येत नाही, दोन्हींकडे मैदानातून वेगळे चढावे लागते. अकोल्याहून अकोट सुमारे ४५ किलोमीटर, तिथपर्यंत ब्रॉडगेज गाडीही जाते. अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूर गाठायचे. गडाच्या पायथ्याचे हे गाव, आणि वनविभागाचा नाका इथेच.

नरनाळ्यावर गाडीरस्ता बराच वर जातो, त्यामुळे वडीलधाऱ्यांना न्यायचे असेल तर गाविलगडापेक्षा हा किल्ला सोयीचा. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड अशा तीन किल्ल्यांचा तो समूह आहे. त्यातल्या एकट्या महाकाली दरवाजासाठी जरी गेलात तरी फेरी वाया जात नाही. त्याच्यावर १४८७ चा शिलालेख आहे, म्हणजे फतहुल्ला स्वतंत्र होण्याच्या तीनच वर्षे आधीचा. अजून बहमनी सुलतानाच्या नावाने कारभार करणारा हा सुभेदार किती ऐटीत बांधकाम करत होता, ते त्या दरवाजाच्या सज्जांकडे आणि अक्षरांकडे पाहून कळते. गाविलगड आधी पाहिला असेल तर ही तुलना तुम्हाला लगेच करता येईल. वर नवगज तोफ, राणी महाल आणि शक्कर तलाव आहेत. गड १९९७ पासून अभयारण्यात येतो, त्यामुळे आत जाण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वेळा वनविभाग ठरवतो आणि त्या ऋतूनुसार बदलतात. निघण्याच्या आदल्या दिवशी अकोटच्या वनकार्यालयात विचारून घ्या आणि नाक्यावर सकाळी लवकर पोहोचा. दुपारी उशिरा गेलेल्यांना आत सोडले तरी महाकाली दरवाजापर्यंत जाऊन परत येण्यापुरताच वेळ उरतो.